चौरंगावर ठेवलेली गोष्ट

हे विश्वंभरा, हे पांडुरंगा! डोंगर तू उभे केलेस, उतारावरच्या पाण्याला खाली जाण्याची आज्ञा तू दिलीस, आणि ती आज्ञा पाण्याने आजवर एकदाही मोडली नाही. आम्ही लेकरे मात्र रोज तुझ्या दारी येऊन मागतो, की देवा, आमच्यापुरती तेवढी मोड. तू हसतोस आणि सोसतोस. तुझ्या पायांवर डोके ठेवून तुझ्याच एका लेकीची कथा आज सांगायला घेतली आहे. वाणी तुझी, स्मरण तुझे; चुकेल तेवढे माझे.

ती लेक म्हणजे निर्मला. जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला, मढच्याही पलीकडे, डोंगराच्या कुशीत उंबरदरा नावाची बावीस घरांची वाडी होती. तिथल्या यमाजींची ती थोरली सून, धर्माजीची बायको. वाडी धनगरांची. काही घरांत अजून मेंढरे होती, बाकीची भाताच्या खाचरांत रमलेली.

निर्मलेचे माहेर बोरी बुद्रुकचे, मेंढरे विकून शेतीत रुजलेले. बोरीच्या नदीकाठी, मातीच्या दरडीत, पिठासारख्या पांढऱ्या राखेचा एक थर आहे. लहानपणी निर्मला ती राख ओच्यात भरून आणी आणि भांडी घाशी. आजी बयाबाई रागवायची, "अगं, ऋषींनी हिथं यज्ञ केला व्हता. त्याची राख ही. आन् तू तिनं तवा घासतीस?" शाळेतले सोपान गुरुजी सांगायचे, "अभ्यासक म्हणतात, ही फार जुन्या ज्वालामुखीची राख आहे. समुद्रापलीकडून वाऱ्यावर आली." पोरीला दोन्ही गोष्टी सारख्याच नवलाच्या वाटत.

गुरुजींनी वर्गात दोन लाकडी पेट्या ठेवल्या होत्या. डावीत अद्भुतकथा, उजवीत विज्ञानकथा. नवे पुस्तक आले की ते कोणत्या पेटीत जावे हे मुलांनी ठरवायचे.

"पण गुरुजी, दोन्ही खोट्याच न्हाईत का?" निर्मलेने एकदा विचारले.

"खोट्याच. पण खोटं सांगायचीही एक शिस्त असते. गालिचा उडाला. कसा उडाला, असं तू विचारलंस की अद्भुतकथा तिथंच मोडते. तिला तुझी श्रद्धा लागते. विज्ञानकथेत यान उडालं, तू विचारलंस कसं, तर गोष्ट तिथूनच पुढं चालू लागते. तिला तुझी शंका लागते."

"पर तसलं यान कुटं हाय आपल्याकडं?"

"आज नाही. पण ज्या नियमांवर ते उडतं, ते नियम आजचेच आहेत. डावीकडच्या गोष्टीत राजकन्या रडली तर डोंगर तिला वाट देतो. उजवीकडच्या गोष्टीत डोंगर कुणाचंच ऐकत नाही."

हे शेवटचे वाक्य ऐकून तिच्या अंगावर काटा आला. तो काटा पुढे कित्येक वर्षे तिथेच राहिला.

अठ्ठ्याण्णव साली लग्न झाले. पाठवणीच्या वेळी गुरुजींनी उजव्या पेटीतले एक जाडजूड पुस्तक तिच्या हातात ठेवले. सासरी दहावी झालेली बाई ती एकटीच. म्हणून दुसऱ्याच श्रावणात पोथी वाचण्याचा मान तिच्याकडे आला. त्या वाडीची रीत मोठी कडक. वाचणाऱ्याने वाचायचे, अर्थ सांगणाऱ्याने अर्थ सांगायचा. पोथी उघडी असेपर्यंत वाचणाऱ्याच्या तोंडून पोथीबाहेरचा एक शब्द निघता कामा नये. अर्थ सांगण्याचा मान यमाजींचा. अक्षरओळख बेताची, पण आवाज असा की ओसरीच्या खांबांनीही कान द्यावा. सासऱ्याच्या आवाजावर निर्मलेचा जीव होता, आणि सुनेच्या स्वच्छ वाचनावर सासऱ्याचा.

असे सुखाचे सहा श्रावण गेले. मग दोन हजार पाच साल उजाडले.

त्या आषाढात पाऊस पडला असे म्हणणे अपुरे आहे. आभाळ डोंगरावर टेकले आणि दहा दिवस उठले नाही. ओढ्याचे पाणी तांबडे झाले, मग काळे झाले. वाडीमागचा झरा, जो म्हाताऱ्यांनीही कधी आटलेला पाहिला नव्हता, एका सकाळी आटला. आणि बहिरूच्या चुलीमागच्या जमिनीतून पाणी बोलू लागले. बहिरू हा वाडीतला टवाळ. तो म्हणाला, "चला, देवानं घरात नळ दिला. पंचायतीला अर्ज करायचं वाचलं!" सगळे हसले. निर्मला हसली नाही.

शेळ्यांसाठी पाला आणायला ती वर गेली, तेव्हा धुक्यात तिचा पाय एका फटीत अडकला. बोटभर रुंद भेग. डावीकडे चालत गेली, भेग संपेना. उजवीकडे गेली, संपेना. साऱ्या वाडीच्या डोक्यावर कोणीतरी विळ्याने रेघ ओढावी तशी ती भेग पसरली होती. तिने गवताची काडी आत सोडली. काडी तळाला टेकल्याचे काही जाणवले नाही.

घरी येऊन तिने सांगितले. यमाजी म्हणाले, "डोंगर हाय पोरी, त्येला बी सुरकुत्या पडायच्याच. माझ्याकडं बघ." धर्माजी म्हणाला, "पाऊस उघडंल की बुजंल." सुनेचे बोलणे चुलीच्या धुरासारखे छपरातून निघून गेले.

आणि नेमके त्याच आठवड्यात छप्पर गळून पोथी भिजली. पाने एकमेकांना चिकटून लगदा झाला. श्रावण दोन दिवसांवर. रस्त्यावर दरड पडलेली, जुन्नरला जाऊन नवी आणावी तर एस.टी. बंद. "आवंदा चौरंग रिकामा ऱ्हायचा," म्हणून सासू गजराबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या. तेव्हा निर्मलेच्या मनात एक विचार आला. तो चांगल्या पोटी आला, पण आला तो चोरपावलांनीच. आपले बोलणे कोणी ऐकत नाही. चौरंगावरून वाचलेले मात्र सारे ऐकतात. गुरुजींच्या पुस्तकात एक कथा होती. दूरच्या ग्रहावर, डोंगराखाली वसलेली माणसे. झरे जागा बदलतात, डोंगराला भेग पडते. तिथली एक मुलगी भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन लोखंडी गज रोवते आणि मधले अंतर रोज मोजते.

ती म्हणाली, "आत्याबाई, माझ्याकडं एक पुस्तक हाय. सात दिवस पुरंल. चौरंग रिकामा न्हाई ऱ्हायचा."

गजराबाईंनी ते लाल वस्त्रात बांधले, गंध लावले, तुळस वाहिली. त्याच दिवशी निर्मलेनेही वर जाऊन मेंढवाड्याच्या जाळ्याच्या दोन मेखा भेगेच्या अल्याड-पल्याड ठोकल्या. मधले अंतर दोन हात. तेवढी दोरी घेतली, टोकाला गाठ मारली आणि कमरेला खोचली. मेखा कुठे ठोकल्या ते घरी येऊन सासूला सांगितले.

वाचन सुरू झाले. रोज तिसऱ्या प्रहरी यमाजींच्या ओसरीवर बावीस घरे जमत. बाहेर पाऊस, आत धूप. निर्मला वाचू लागली, "त्या ग्रहाला दोन चंद्र होते."

"दोन चंद्र," यमाजींनी डोळे मिटले, "म्हंजी राम आन् लक्षुमण. वनवासातलं आभाळ सांगितलंय, बरं का."

"वस्तीच्या मध्यभागी हवा शुद्ध करणारे यंत्र होते."

"यंत्र म्हंजी तांब्याच्या पत्र्यावर सिद्ध केलेलं. हवा शुद्ध म्हंजी भूतबाधा न्हाई."

बहिरूने विचारले, "आन् यमाजीबा, ती पोरगी रोज गज मोजती, ती कोन?"

"ती देवी! अवतार हाय. मोजती न्हाई रं, पूजती. लेकरांनू, डोंगर कोपला व्हता, तिनं त्याला दोन खांबांत बांधला."

निर्मलेचे ओठ उघडले आणि मिटले. पोथी उघडी होती. रीतीने तिचे तोंड बांधले होते, आणि ते पुस्तक चौरंगावर तिनेच नेऊन ठेवले होते. ज्या कथेने शंका मागावी, तिच्यापुढे बावीस घरे हात जोडून बसली होती. तिसऱ्या दिवशी कोणी नवस बोलले. चौथ्या दिवशी कोणी पुस्तकावरचा अंगारा आजारी गाईला लावला. गाय उठून उभी राहिली. मग काय विचारता! "सात दिवस पुरं हू द्या," यमाजी गर्जले, "डोंगर पुन्यांदा हलायचा न्हाई."

निर्मला रोज दुपारी वर जाई. धुके इतके, की स्वतःचा हात परका वाटावा. ती दोरी लावी. पहिल्या दिवशी गाठ बरोबर मेखेवर. दुसऱ्या दिवशी बरोबर. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या, सहाव्या दिवशीही बरोबर. मेखांना हळदकुंकू लागलेले होते, दोन्ही मेखांच्या मधे लाल दोरा बांधलेला होता, भेगेवर चपटे दगड रचून कोणीतरी जागा सारवली होती. आत्याबाईंचा हात तिने ओळखला. वाचनात ऐकले, तेव्हापासून गजराबाई पहाटेच मेखांची पूजा करून येत होत्या. निर्मलेला त्यात वावगे दिसले नाही. उलट मन हलके झाले. डोंगर थांबला, असे माप सांगत होते, आणि विचारील त्याला तीही तसेच सांगे. माप कशाला खोटे बोलेल?

पण बहिरूच्या घरातले पाणी थांबले नव्हते. देवळाच्या दाराची चौकट तिरकी होऊन दार लागेनासे झाले होते. मेंढरे वाड्यात बसत नव्हती, रात्रंदिवस ओढ्यापलीकडे तोंड करून उभी राहत होती.

सातव्या दिवशी, समाप्तीच्या दुपारी, ती वर गेली. दोरी लावली. गाठ बरोबर मेखेवर. परत वळली, आणि खालच्या मेखेच्या पलीकडे गवतात तिची टाच एका भोकात गेली. मेखेएवढे भोक, पाण्याने भरलेले. तिने गवत बाजूला केले. त्याखाली आणखी एक. त्याखाली आणखी एक. एका रेषेत, उताराच्या दिशेने, पाच रिकामी भोके. तिने बोटे लावली. सर्वांत खालच्या दोन भोकांत दोन बोटांचे अंतर. मग तीन बोटांचे. मग चार. मग अर्धी वीत. आणि वरच्या भोकापासून आज रोवलेल्या मेखेपर्यंत पुरी वीत.

तिने सारवलेले दगड उचलले. खाली भेग नव्हती. खाली काळोख होता, आणि त्या काळोखातून पाण्याचा आवाज येत होता.

ती धावत खाली आली. गजराबाई पुरणपोळ्या लाटत होत्या. "आत्याबाई, तुमी खालची मेख हालवली?"

"हालवीन कशाला बाई? रोज पहाटं जाऊन बघावं तर दोरा तुटलेला आन् खालची मेख लवंडलेली. देव असा कलंडलेला बरा दिसतो का? मग मी ती उपटून वरच्या अंगाला पहिल्यासारखी जवळ रोवायची, दोरा नवा बांधायची. दोन हात व्हतं, दोन हातच ठेवलं. येक बोट कमी-जास्त केलं न्हाई, तुझी आन." सासूच्या चेहऱ्यावर सेवा नीट केल्याचे समाधान होते.

निर्मलेने कमरेची दोरी सोडून पुढ्यात टाकली. पाच दिवस डोंगर सरकत होता आणि पाच दिवस प्रेमाचा एक हात त्याच्या खुणा पुसत होता.

ओसरीवर शंख वाजला. मंडळी जमली. धर्माजीने सारे ऐकून बायकोला दाराआड घेतले. घामाने डवरला होता. "अगं, मंग सोपं हाय. वाच खोटंच. 'उठा, वाडी सोडा, मढला चला' असं पोथीत लिवलंय म्हन. कोन बघतंय? समदे डोळं मिटून चालाय लागतील."

खरे होते ते. एक खोटी ओळ, आणि बावीस घरांतले जीव वाचणार होते. पाच वर्षांची तिची लेक संस्कृती समोर केळीच्या पानाशी खेळत होती. मोह तरी कसा म्हणावा त्याला? पण निर्मलेला कळले, की याच वाटेने आपण इथवर आलो. आज चौरंगाच्या नावाने ही माणसे उठली, तर उद्या चौरंगाच्याच नावाने कोणीही त्यांना एखाद्या कड्याखाली बसवील. ती म्हणाली, "न्हाई ओ. येकदा केलं तेवढं बास."

ती चौरंगापाशी गेली. लाल वस्त्र सोडले. आणि पुस्तक उचलून तिने खाली, साध्या घोंगडीवर ठेवले.

"आगं ए!" यमाजी ताडकन उठले. "समाप्ती हाय!"

"मामा, ही पोथी न्हाई. चूक माझी. मीच तिला पोथीच्या जागी बसवली. ही मानसानं रचलेली गोष्ट हाय. पोथीत देव भक्तासाठी डोंगर उचलतो. तिथं आपण हात जोडायचं. ह्या गोष्टीत डोंगर उचलाय कोनी येत न्हाई. ती पोरगी देवी नव्हती. ती मोजत व्हती. आन् मोजून झाल्यावर ती मानसं तिथून निघून गेली, म्हनून जगली."

"वाचनारानं वाचावं. अर्थ माझा हाय!"

"ह्यो अर्थ न्हाई, मामा. माप हाय."

कोणीतरी ओरडले, "माप तर रोज सारखंच भरतंय म्हनत व्हतीस की!"

निर्मलेने सासूकडे पाहिले. बोट दाखवले नाही, आवाज चढवला नाही. "आत्याबाई, तुमीच सांगा."

गजराबाई उठल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या भरल्या ओसरीत बोलत होत्या. "म्या... म्या मेख रोज वर रोवत व्हते. पयल्या दिशी येवढं," त्यांनी दोन बोटे धरली. "मंग येवढं." तीन. "मंग येवढं." बोटे पसरत गेली, पसरत गेली, आणि शेवटी अंगठा आणि करंगळी ताणून त्यांनी वीत उभी केली. आपल्याच हाताकडे त्या बघत राहिल्या.

कोणी हसले नाही. बहिरूसुद्धा नाही.

यमाजी काठी घेऊन पावसात बाहेर पडले. मागोमाग चार माणसे. वर पोहोचून म्हातारा गुडघ्यांवर बसला आणि एकेका भोकात बोट घालत गेला, जशी वासराच्या तोंडात बोट घालून दातांवरून उमर काढावी. पाचही पाहून झाल्यावर म्हणाला, "आज येक वीत. मंग उद्या किती?" खाली येऊन त्याने आपल्या त्या गाजलेल्या आवाजात सांगितले, "देव्हाऱ्यातला बिरोबाचा टाक घ्या, मेंढरं सोडा, बाकी राहू द्या. दिवस हाय तवर निघायचं."

निघाले सारे. पुरणपोळ्यांची टोपली डोक्यावर, म्हाताऱ्या पाठीवर, मेंढरे पुढे. मेंढरांना हाकावे लागले नाही. बहिरू तेवढा कुरकुरला, "डोंगर उद्या हिथंच दिसला तर राव, माझं समदं खुराडं तुमी डोक्यावर वाहून आनायचं."

मढच्या शाळेत आसरा मिळाला. पहिला दिवस गेला. डोंगर जागेवर. दुसरा दिवस गेला. डोंगर जागेवर. चुली मांडायला जागा नाही, लेकरे रडताहेत, आणि बोलणी सुरू झाली. "दहावी शिकल्यावर असंच व्हायचं." "सातवा दिवस मोडला, त्योच कोप भोवनार." निर्मला खाली मान घालून भाकरी थापत होती. डोंगर पडू नये असे तिला वाटत होते. आणि न पडला तर ही माणसे परत जातील, ही भीतीही होती. देवाकडे काय मागावे, हेच तिला कळेना.

तिसऱ्या दिवशी उजाडताना गजराबाई जागेवर नव्हत्या. हळदकुंकवाची वाटीही नव्हती. निर्मला रस्त्याने धावत सुटली. ओढ्याच्या अलीकडे तिला सासू येताना दिसली. पदर ओला, वाटी तशीच भरलेली.

"आत्याबाई!"

"गेले व्हते गं. तीन दिस पूजा न्हाई झाली." म्हातारीचे डोळे कुठेतरी दूर लागले होते. "खालची मेख दिसलीच न्हाई. मला वाटलं, वाट चुकले. मंग बघितलं, तर तिथं जागाच नव्हती. नुसतं भोक. आन् आतून कोनतरी दळन दळतंय."

दोघी हात धरून परतल्या. दुपारी बाराच्या सुमारास मढच्या शाळेच्या खिडक्या थरथरल्या. गडगडाट म्हणावा तर आभाळ गप्प होते. माणसे बाहेर आली. पश्चिमेचे धुके तांबडे झाले आणि मातीचा ओला वास आला. बावीस घरांपैकी एकोणीस घरे त्या एका आवाजात गेली. माणूस एकही नाही. बहिरूच्या कोंबड्या गेल्या. तो शाळेच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. कोंबड्यांसाठी रडतो आहे असे त्याला कोणी म्हटले नाही.

संध्याकाळी यमाजी सुनेजवळ येऊन बसले. म्हणाले, "देवानं ऐकलं न्हाई म्हनायचं का गं मग?"

निर्मला म्हणाली, "ऐकलं की, मामा. पान्याला खाली जायची आज्ञा त्येचीच. आन् मोजायला बोटं बी त्येनंच दिल्यात."

म्हातारा मान हलवत राहिला. पटले की नाही, ते त्याने सांगितले नाही.

वाडी आता ओढ्यापलीकडच्या पठारावर वसली आहे. श्रावणात नवी पोथी चौरंगावर असते. निर्मला वाचते, यमाजी अर्थ सांगतात, आणि त्या ओसरीत रामाचा वनवास ऐकताना आजही डोळे भरून येतात. पोथी वस्त्रात बांधून झाली, आरती झाली, की घोंगडीवर दुसरे पुस्तक उघडते. तिथे धूप नसतो. तिथे बहिरू दर ओळीला अडवतो आणि निर्मला त्याला अडवू देते. समोर पश्चिमेला तो डोंगर अजून उभा आहे, अर्धा. त्याची उघडी पडलेली तांबडी बाजू पावसात जखमेसारखी ओली दिसते, आणि उरलेल्या अर्ध्याखाली अजून दोन वाड्या नांदतात. निर्मला तिकडे जाऊन बोलते. कोणी ऐकते, कोणी चहा पाजून वाटेला लावते.

पांडुरंगा, या लेकीच्या वाणीला बळ दे. यमाजींच्या आवाजाला आयुष्य दे, गजराबाईंच्या भाबड्या हातांना विसावा दे, धर्माजीच्या कष्टाला यश दे, संस्कृतीच्या प्रश्नांना कधी कोणी गप्प न करो. त्यांच्या दारी मेंढरे निवांत बसोत, त्यांच्या चुलीमागची जमीन कोरडी राहो, आणि त्या घरावरचे छत्र, देवा, तुझ्या दोन्ही हातांचे असो.